पासपोर्ट फोटो ३८० केबीचा कसा काय? फोटोतली एडिट हिस्ट्री बघायची कशी, काढायची कशी

सांगलीत विश्रामबागला आमचा छोटा स्टुडिओ आहे. परवा संध्याकाळी शटर ओढायच्या नादात होतो तेवढ्यात एक पोरगा पेनड्राइव्ह घेऊन आला. "दादा, फॉर्मची आज शेवटची तारीख हाय आणि फोटो मोठा आहे म्हणतंय." म्हटलं आण, बारीक करून देतो, त्यात काय. बघितलं तर फोटो आधीच २०० बाय २३० पिक्सेलचा. एवढा फोटो १५-२० केबीत बसतो, फार तर ३०, आणि हा ३८० केबी! फॉर्मची लिमिट ५०. क्वालिटी कमी केली, ३७४ झाला. अजून कमी केली, पोराच्या गालावर चौकोन दिसायला लागले आणि आकडा ३७०. म्हणजे वजन फोटोचं नव्हतंच. आणि वर फोटो आमच्याच दुकानात काढलेला, त्यामुळं दुसऱ्या कुणावर ढकलायची पण सोय नाही.

त्या फाइलीच्या पोटात काय निघालं, ते कसं बघायचं आणि कसं काढायचं, हे सगळं खाली लिहितोय. नवीन माणसाला जमेल असंच आहे, फक्त घाई करू नका, घाईत मी काय केलं ते पण पुढं सांगतो.

आधी हे काय असतंय ते

जेपीजी फाइलीत नुसतं चित्र नसतं, चित्राच्या आधी माहितीचे कप्पे असतात. एक्झिफ म्हणजे कॅमेऱ्यानं लिहिलेली माहिती, शटर, आयएसओ, तारीख, मोबाइल असेल तर लोकेशन. हे १९९५ ला जपानमध्ये ठरलं. आयपीटीसी म्हणजे पेपरवाल्यांची कॅप्शन, क्रेडिट वगैरे. आणि तिसरा एक्सएमपी, ॲडोबीनं २००१ ला आणलेला. आपली एडिट हिस्ट्री बहुतेक सगळी या तिसऱ्या कप्प्यात असते, आणि ती साध्या टेक्स्टमध्ये असते. विश्वास बसत नसेल तर फोटोशॉपमधून निघालेला एखादा जेपीजी नोटपॅडमध्ये उघडा, कचऱ्यासारखी अक्षरं येतील पण सुरुवातीलाच मधे चांगलं वाचता येणारं इंग्रजी दिसेल. बघा आणि बंद करा. सेव्ह करू नका, नोटपॅडनं सेव्ह केलं की फोटो मेला.

एक्सएमपीमध्ये आपल्या कामाच्या गोष्टी अशा. हिस्ट्री, म्हणजे फाइल कधी तयार झाली, कधी कन्व्हर्ट झाली, कधी कधी सेव्ह झाली, कुठल्या सॉफ्टवेअरमधून. डिराइव्हड फ्रॉम, म्हणजे ही कुठल्या फाइलीवरून बनली. टेक्स्ट लेयर्स, यावर नंतर येतो, ते डेंजर प्रकरण आहे. लाइटरूम किंवा कॅमेरा रॉ वापरलं असेल तर एक्स्पोजर किती वाढवलं, शॅडो किती उचलल्या, सगळे स्लायडरचे आकडे. आणि डॉक्युमेंट ॲन्सेस्टर्स, म्हणजे शब्दशः पूर्वज!

हे पूर्वजच त्या पोराच्या फोटोत बसले होते. होतं काय, एका फाइलीतून दुसऱ्या फाइलीत काही पेस्ट किंवा प्लेस केलं की पहिल्या फाइलीचा आयडी दुसरीच्या यादीत जाऊन बसतो. आमची पासपोर्टची एक टेम्प्लेट पीएसडी (म्हणजे फोटोशॉपची लेयरवाली फाइल) आहे, निळा बॅकग्राउंड, बारीक पांढरी बॉर्डर, गेली सात-आठ वर्षं तीच. गिऱ्हाईक आलं की चेहरा कट करायचा, तिच्यात पेस्ट करायचा, जेपीजी काढायचा, आणि टेम्प्लेट पण सेव्ह होतेच कारण हात आपोआप कंट्रोल एसवर जातो. जुना लेयर डिलीट केला तरी यादीतला आयडी जात नाही. एक ओळ साधारण ७० अक्षरांची धरा, पाच हजार गिऱ्हाइकं झाली की साडेतीन लाख अक्षरं, म्हणजे साडेतीनशे केबी. झाला हिशोब! अख्ख्या विश्रामबागचे पूर्वज त्या एका पोराच्या फोटोत.

पायरी १: कॉपी करा

ओरिजिनल फाइलीला हात लावायचा नाही. वेगळा फोल्डर, त्यात कॉपी, जे काय करायचं ते तिथं. फाइलीचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा, कारण विंडोजवर पुढचं टूल मराठी नावाला कधी कधी अडतं, फाइल सापडत नाही म्हणतं आणि आपण अर्धा तास चूक शोधत बसतो.

पायरी २: आत काय आहे ते बघा

फोटोशॉप असेल तर फोटो उघडून फाइल मेनूत फाइल इन्फो, तिथं रॉ डेटा नावाचा टॅब. सगळं एक्सएमपी दिसतं. स्क्रोल करत गेलात आणि एकसारख्या ओळी संपतच नाहीत असं झालं तर समजायचं पूर्वज आहेत.

फोटोशॉप नसेल तर, आणि खरं सांगायचं तर असलं तरी, एक्झिफटूल घ्या. फिल हार्वे नावाच्या माणसानं २००३ पासून चालवलेलं फुकटचं टूल आहे आणि या कामात याच्या तोडीचं मला तरी दुसरं सापडलं नाही. दिसायला काळी खिडकी आहे म्हणून लोक घाबरतात. विंडोजवर डाउनलोड केल्यावर जी ईएक्सई फाइल मिळते तिच्या नावातच कंसात -के असं लिहिलेलं असतं. नाव बदलू नका, फक्त तिच्यासोबत जो फाइल्स नावाचा फोल्डर येतो तो तिच्या शेजारीच राहू द्या, नाहीतर चालत नाही. आता फोटो माउसनं उचला आणि त्या ईएक्सईच्या आयकॉनवर सोडा. बास. खिडकी उघडते, सगळी माहिती येते, आणि त्या -के मुळं बटन दाबेपर्यंत खिडकी थांबते.

हिस्ट्रीतली एक नोंद साधारण अशी दिसते (मी मराठी अक्षरांत लिहितोय, स्क्रीनवर इंग्रजीत असेल):

हिस्ट्री ॲक्शन: सेव्हड
हिस्ट्री व्हेन: २०२४:०३:११ १८:४२:०७+०५:३०
हिस्ट्री सॉफ्टवेअर एजंट: ॲडोबी फोटोशॉप, पुढं व्हर्जन आणि विंडोज
हिस्ट्री चेंज्ड: /

शेवटचं +०५:३० म्हणजे आपल्या भारताची वेळ, आणि चेंज्डसमोरचा नुसता स्लॅश म्हणजे अख्खी फाइल बदलली. इथं नवीन माणूस हमखास फसतो ती गोष्ट म्हणजे एक्झिफटूल सगळ्या ॲक्शन एका ओळीत आणि सगळ्या तारखा दुसऱ्या ओळीत, स्वल्पविराम देऊन दाखवतं. आपल्याला वाटतं तिसऱ्या ॲक्शनची तिसरी तारीख. तसं नसतं! कन्व्हर्टेड नावाच्या नोंदीला तारीखच नसते, त्यामुळं तिच्या पुढच्या सगळ्या तारखा एक घर सरकतात. जोड्या नीट बघायच्या असतील तर कमांडमध्ये (ती कशी लिहायची ते पायरी ४ मध्ये आहे) -स्ट्रक्ट टाकायचं, मग प्रत्येक नोंद वेगळ्या कंसात येते.

पायरी ३: काय काढायचं ते ठरवा

ही पायरी लोक सोडतात. मी पण सोडली होती आणि त्याची शिक्षा एका लग्नाच्या अल्बमला झाली.

त्यावेळी मला नुकतंच कळलं होतं की -ऑल= एवढं लिहिलं की सगळा मेटाडेटा, म्हणजे वर सांगितलेले माहितीचे कप्पे, जातो. बरोबरचं चिन्ह आणि पुढं काहीच नाही, म्हणजे रिकामं कर. लई भारी वाटलं. तासगावचं एक लग्न होतं, बेदाण्याचे व्यापारी, साडेसहाशे सिलेक्टेड फोटो, आणि मी अख्ख्या फोल्डरवर चालवलं, वर बॅकअप फाइली नकोत म्हणून ओव्हरराइट ओरिजिनलचा ऑप्शन पण लावला. दोन प्रकार झाले. उभे फोटो आडवे झाले, कारण फोटो कुठल्या बाजूनं बघायचा हे एक्झिफमधल्या ओरिएंटेशन टॅगमध्ये असतं आणि तो गेला. ते निदान दिसलं तरी. दुसरं दिसलं नाही, फोटो ॲडोबी आरजीबी या रंगांच्या पद्धतीत होते आणि ते सांगणारी कलर प्रोफाइल पण मेटाडेटासोबत उडाली. लॅबनं साधा एसआरजीबी समजून प्रिंट मारला, नवरीचा हिरवा शालू धुऊन वाळत घातल्यासारखा फिका आणि हळदीच्या फोटोत हळदच दिसेना. सांगलीत राहून हळद फिकी छापायची म्हणजे काय ते तुम्हीच समजा. वडील माणूस शांत होता, फक्त म्हणाला, "आमच्या घरात एवढी कमी हळद कुणी लावत न्हाई." अल्बम परत स्वखर्चानं.

म्हणून आधी ठरवा. साइज कमी करायची आहे? मग फक्त पूर्वज काढा. गिऱ्हाइकाला तुमची एडिटिंगची पद्धत दिसायला नको? मग हिस्ट्री आणि कॅमेरा रॉचे आकडे. प्रायव्हसी पाहिजे? मग सगळं काढा पण ओरिएंटेशन आणि कलर प्रोफाइल सोडून.

पायरी ४: काढा

सगळ्यात सोपा प्रकार, टाइप न करता. एक्झिफटूलच्या ईएक्सईची एक कॉपी करा आणि तिच्या नावातल्या कंसात, -के च्या पुढं स्पेस देऊन, -डॉक्युमेंटॲन्सेस्टर्स= असं लिहा. इंग्रजी अक्षरांत, दोन शब्द जोडून, मधे स्पेस नाही, शेवटी बरोबरचं चिन्ह. हो, फाइलीच्या नावातच! कंसात जे लिहाल ते त्याला ऑर्डर म्हणून कळतं. आता फोटो या नव्या आयकॉनवर सोडा, पूर्वज गेले. मी ही ईएक्सई डेस्कटॉपवर ठेवलीय, काउंटरवरच्या पोराला पण जमतं. त्या फॉर्मवाल्याचा फोटो टाकला आणि ३८० चा झाला १९ केबी. क्वालिटी जिथं होती तिथं, चेहरा स्वच्छ. पोरगं म्हणालं, "एवढंच होतं व्हय?"

हिस्ट्री काढायची असेल तर कमांड लिहावी लागते, कारण त्यात कोलन येतो आणि विंडोज फाइलीच्या नावात कोलन घेत नाही. फोल्डरमध्ये वरच्या ॲड्रेस बारमध्ये सीएमडी टाइप करून एंटर मारा, काळी खिडकी त्याच फोल्डरमध्ये उघडते. एक्झिफटूलची अजून एक कॉपी तिथं ठेवा, हिचं नाव कंस काढून नुसतं एक्झिफटूल करा, आणि शेजारी तो फाइल्सचा फोल्डर. मग उच्चारात लिहायचं तर:

एक्झिफटूल -एक्सएमपी-एक्सएमपीएमएम:हिस्ट्री= -एक्सएमपी-फोटोशॉप:हिस्ट्री= फोटो.जेपीजी

दोन हिस्ट्री का, तर पहिली म्हणजे सेव्ह वगैरेच्या नोंदी ज्या वर बघितल्या, आणि दुसरी फोटोशॉपचा हिस्ट्री लॉग. हा लॉग आपोआप चालू नसतो, प्रेफरन्सेसमध्ये कुणीतरी चालू केला असेल आणि डिटेल्डवर ठेवला असेल तर मग कुठला ब्रश, कुठला फिल्टर, सगळं ओळीनं लिहून ठेवतो. सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला असेल तर एकदा बघून घ्या.

सगळं काढायचं असेल तर आधी -ऑल= लिहा, मग -टॅग्जफ्रॉमफाइल, स्पेस, ॲट द रेटचं चिन्ह, मग -ओरिएंटेशन आणि -आयसीसी_प्रोफाइल, शेवटी फाइलीचं नाव. म्हणजे सगळं पुसायचं आणि त्याच फाइलीतून ह्या दोन गोष्टी परत आत ठेवायच्या. हे मला त्या अल्बमआधी माहीत असतं तर.

फाइलीच्या नावाऐवजी फोल्डरचं नाव दिलं की सगळ्या फोल्डरवर चालतं. प्रत्येक फोटोसोबत एक्झिफटूल नावाच्या शेवटी अंडरस्कोर ओरिजिनल असलेली जुनी फाइल ठेवतं, ती काम तपासल्याशिवाय उडवू नका.

फोटोशॉपमधूनच पाहिजे असेल तर फाइल मेनूत एक्सपोर्ट, त्यात सेव्ह फॉर वेब, पुढं लेगसी लिहिलेलं असतं, तिथं मेटाडेटासमोर नन निवडा. लाइटरूमच्या एक्सपोर्टमध्ये पण मेटाडेटाचा वेगळा भाग आहे, कॅमेरा रॉची माहिती सोडून बाकी सगळं असा पर्याय मिळतो, मी तोच ठेवतो. गिंपमध्ये एक्सपोर्ट करताना एक्सएमपीची टिक काढायची, नाहीतर गिंप स्वतःची नोंद पण त्यात घालतं.

पायरी ५: मूळ दुखणं टेम्प्लेटमध्ये आहे

जेपीजी साफ केला म्हणजे झालं नाही, उद्याचा फोटो परत जाडच निघणार. टेम्प्लेट पीएसडीवर पण तीच डॉक्युमेंट ॲन्सेस्टर्सवाली ईएक्सई चालवा, पीएसडी पण घेतं. फक्त त्यावेळी ती फाइल फोटोशॉपमध्ये उघडी नको, उघडी असली तर फोटोशॉपकडं जुनी यादी असतेच आणि पुढच्या सेव्हला ती परत लिहिली जाते. आणि टेम्प्लेटमध्ये स्मार्ट ऑब्जेक्ट असतील तर प्रत्येकाच्या आत वेगळी फाइल असते, तिची वेगळी यादी, तिथपर्यंत एक्झिफटूल पोचत नाही. ते ऑब्जेक्ट उघडून बघावे लागतात. मी सरळ टेम्प्लेट नव्यानं बनवली आणि ती रीड ओन्ली करून ठेवली, आता कंट्रोल एस दाबा किती दाबायचं ते.

टेक्स्ट लेयर्सचं

पत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्यांनी हे नीट वाचा. फोटोशॉप टेक्स्ट लेयरचं नाव आणि त्यातला मजकूर एक्सएमपीमध्ये लिहितं, आणि जेपीजी केला तरी तो सोबत जातो. एका पत्रिकेत माझ्याकडून लेयरचं नाव हातानं दिलेलं होतं, आधीच्या लग्नातल्या नवरीचं. मजकूर बदलला, नाव तसंच राहिलं. गिऱ्हाइकाचा भाचा कॉम्प्युटर शिकलेला, त्यानं फाइल उघडून बघितली आणि फोन केला की ही कोण. आम्हा जुन्या लोकांचं एक बरं, श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी तिथं नुसती वेडीवाकडी इंग्रजी चिन्हं म्हणून दिसतं, कुणाला वाचता येत नाही. युनिकोड वापरत असाल तर मात्र चक्क वाचता येतं. काढायला -एक्सएमपी-फोटोशॉप:टेक्स्टलेयर्स=, किंवा सेव्ह फॉर वेब.

थंबनेल पण बघा. एक्झिफमध्ये एक छोटा फोटो असतो, आणि काही सॉफ्टवेअर मोठा फोटो क्रॉप करतात पण हा छोटा जुनाच ठेवतात. म्हणजे तुम्ही कडेचा माणूस कापला तरी तो आत बसलेला असू शकतो. -थंबनेलइमेज= नं जातो.

व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की हा सगळा मेटाडेटा जातो पण फोटोची क्वालिटी पण जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला की सगळं जसंच्या तसं पोचतं. प्रिंटला फाइल पाठवताना डॉक्युमेंट म्हणूनच पाठवतो आपण, लक्षात ठेवा.

बदलता येतं का?

येतं. काढता येतं तसं हिस्ट्रीतली तारीख, सॉफ्टवेअरचं नाव, काहीही लिहिता पण येतं. म्हणूनच नुसती हिस्ट्री बघून हा फोटो खरा आणि हा खोटा असं कुणी ठामपणे सांगत असेल तर फार मनावर घेऊ नका. काही नव्या कॅमेऱ्यांत आणि सॉफ्टवेअरमध्ये सही केलेली हिस्ट्री येते, कंटेंट क्रेडेन्शियल्स म्हणतात, त्यात नंतर हात घातला की तपासणीत सही जुळत नाही आणि पकडलं जातं. साध्या एक्सएमपीला तसली काही सही नाही.

२०१९ च्या पुरानंतर एक ओळखीचे दुकानदार आले होते. दुकानात पाणी छातीपर्यंत, फोटो खरे, पण कॅमेऱ्यातली तारीखच चुकीची सेट होती. "तेवढी तारीख बरोबर करून दे की रे, खोटं थोडंच आहे." मी नाही केली. खऱ्या फोटोला हात लावला की तोच फोटो संशयित होतो. म्हटलं फाइल आहे तशी द्या, आणि कॅमेऱ्याची तारीख चुकीची होती हे कागदावर लिहून द्या. नाराज झाले, पण तसंच केलं.

आता तर कायद्यातच आलंय. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ खाली कोर्टात डिजिटल पुरावा देताना जे सर्टिफिकेट लागतं त्यात फाइलीची हॅश व्हॅल्यू, म्हणजे अख्ख्या फाइलीवरून निघणारा बोटाच्या ठशासारखा आकडा, लिहायची असते. मेटाडेटातलं एक अक्षर बदललं तरी हॅश पूर्ण बदलते, चित्र तेच दिसत असलं तरी. त्यामुळं अपघात, भांडण, विमा, जमिनीची मोजणी, असल्या फोटोंना यातली एकही कमांड लावायची नाही, कार्ड आहे तसं बाजूला ठेवायचं. हॅश बघायची असेल तर विंडोजच्या त्याच काळ्या खिडकीत सर्टयूटिल -हॅशफाइल, मग फाइलीचं नाव, मग एसएचए२५६. साफ करायच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा एकदा करून बघा, आकडा कसा पार बदलतो ते दिसेल.

आणि टेम्प्लेटची साइज आजच बघा, दुकान उघडल्या उघडल्या. आमची ११ एमबीची पीएसडी नव्यानं केल्यावर २ एमबीची झाली, उघडायला लागणारा वेळ पण निम्म्यावर आला. मी दोन वर्षं कॉम्प्युटर जुना झाला म्हणत रॅम वाढवायचा विचार करत होतो.